मौनाचा पंधरवडा

६ फेब्रुवारी

खारूताई,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी वेगळे लिहीत नाही. तुझी आई म्हणते, "दादा, फोन करत जा, आता पत्रं कोण लिहितं?" तिला सांग, कागद कारखान्यात एकतीस वर्षं मशीनशेजारी उभा राहिलो, त्यात कान गेले. हात शाबूत आहेत, आणि कागद अजून फुकट मिळतो. फोनवर मी नुसतं "हो हो" करतो आणि नंतर कळतं की भलत्यालाच हो म्हटलंय.

आता कामाचं. निवृत्त झालो तरी कारखान्याच्या कामगार निवृत्ती निधीचा चिटणीस मीच आहे, कारण दुसरं कुणी पुढे होत नाही. तीनशे चाळीस जणांचा निधी. आजवर सगळे पैसे एक-एक वर्षाच्या ठेवीत ठेवले. त्यांची मुदत या महिन्याच्या वीस तारखेला संपते. मागच्या आठवड्यात एक दलाल आला होता. उन्हातसुद्धा टाय लावून फिरतो, म्हणून आम्ही त्याला टायवालाच म्हणतो. तो म्हणाला, "काका, मध्यवर्ती बँक यंदा तीनदा व्याजदर उतरवणार. सगळा बाजार तेच धरून चाललाय. ठेवींचं व्याज घटत जाईल. त्यापेक्षा सरकारचे वीस वर्षांचे रोखे घ्या."

मला समजलंय ते बरोबर आहे का बघ. माझ्याकडचा रोखा शंभराला सात पूर्णांक दोन व्याज देतो. उद्या दर उतरले आणि नवे रोखे सहाच द्यायला लागले, तर माझ्या जुन्याला मागणी येईल, तो शंभराच्या वर विकला जाईल. दर चढले आणि नवे आठ द्यायला लागले, तर माझा सातवाला शंभराला कोण घेईल? त्याची किंमत पडेल. आणि मुदत जितकी लांब तितका हा झोका मोठा. बरोबर ना?

तू त्या बँकेतच आहेस. तू काही सांगू शकत नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून विचारत नाही. पण विचारत नाही हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

मामा

१३ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार, आणि जोडीला एक धमकी. पुन्हा व्याजदराबद्दल न विचारता असं विचारलंस तर तुझं पत्र वरिष्ठांना दाखवावं लागेल. चेष्टा नाही, तसा नियमच आहे.

किमतीच्या झोक्याबद्दल तू लिहिलंस ते बरोबर आहे. ते कुठल्याही पुस्तकात मिळेल, त्यामुळे एवढं लिहायला हरकत नाही. त्यापुढे माझ्याकडून काही नाही.

आमच्याकडे कसं असतं सांगते. सकाळी आत जाताना फोन लोखंडी कप्प्यात ठेवायचा. महागाई पुढे कशी जाईल याचा अंदाज बांधणारे आम्ही सहा जण. आमची खोली काचेची, पण काच धुरकट. अंदाजाच्या प्रत्येक प्रतीवर नंबर असतो, आणि संध्याकाळी नंबर मोजून प्रती परत घेतात. दराच्या बैठकीआधीच्या चौदा दिवसांना तर आम्ही मौनाचा पंधरवडाच म्हणतो. त्या दिवसांत बाहेरच्या कुणाशी अर्थकारणाचा विषयसुद्धा काढायचा नाही. गेल्या वेळी आमच्या साहेबांनी सख्ख्या पुतण्याचं लग्न चुकवलं, कारण नवरीचे वडील बँकवाले होते. आई म्हणते, "अशी नोकरी करण्यापेक्षा तुरुंगात जा, तिथे भेटायला तरी येऊ देतात."

आनंदाची बातमी मात्र सांगते: आम्ही घर घेतलं! दोन खोल्या आणि एक गॅलरी. कर्ज बदलत्या दराचं घेतलं आहे. दर चढला की हप्ता चढणार, उतरला की उतरणार. सही करण्याआधी कागद दोनदा वाचला, पण आता झालं. आई पडद्यांच्या कापडावरून दुकानदाराशी रोज भांडते आणि फार सुखात आहे.

गुडघा कसा आहे तुझा?

तुझी
खारूताई

२२ फेब्रुवारी

खारूताई,

घराचं वाचून डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. तुझा बाप गेला तेव्हा तू एवढीशी होतीस आणि माझ्या डब्यातले शेंगदाणे खिशात साठवायचीस, पुढे लागतील म्हणून. आता स्वतःचं घर!

आणि तू फार हुशार आहेस. पत्र मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचताना डोक्यात प्रकाश पडला. सगळं सांगून झालं, काही सांगणार नाही म्हणून बजावलंस, आणि मग हळूच कर्जाचं लिहिलंस. जी पोरगी त्या धुरकट काचेच्या आत बसते, ती स्वतःच्या घराचं कर्ज बदलत्या दराने घेते! दर चढणार असते तर तू असं केलं असतंस का? शेंगदाणे साठवणारी तू. मी समजलो. यापुढे या विषयावर एक अक्षर लिहू नकोस.

काल समितीची सभा झाली. निम्मे पैसे वीस वर्षांच्या रोख्यांत घातले, शंभराला शंभर या भावाने. आमच्याकडे वर्षाला आठ-दहा जण निवृत्त होतात, त्यांना द्यायला उरलेले निम्मे पुरेसे आहेत. किंमत चढली की थोडे विकू, आणि गेलेल्या कामगारांच्या मागे राहिलेल्या बायकांचं मासिक निवृत्तिवेतन वाढवू. किती वर्षं ते एकाच आकड्यावर अडकलंय. टायवाला चहाचा कप उचलून म्हणाला, "काका, तुम्ही तर बाजाराच्याही पुढे आहात." मी म्हटलं, आमच्याकडे घरचंच हवामान खातं आहे. म्हणजे मनात म्हटलं.

गुडघा दुखतो. दुखू दे.

मामा

६ मार्च

मामा,

तुझं पत्र अठ्ठावीस तारखेला मिळालं. उत्तराला उशीर झाला.

पडदे लागले. आईने शेवटी निळे घेतले. गॅलरीत दुपारी ऊन येतं. आईच्या चष्म्याचा नंबर बदलला आहे. तिथे पाणी वेळेवर येतं का?

गुडघ्याला गरम पाण्याचा शेक दे. डॉक्टरला दाखव. पुढे ढकलू नकोस.

तुझी
खारूताई

२० मार्च

खारूताई,

तुझ्या छोट्याशा चिठ्ठीने आधी जरा धाकधूक झाली. मग तारखा जुळवल्या. बारा तारखेला तुमची बैठक होती, म्हणजे तू मौनात होतीस. पडदे, चष्मा, पाणी! हसू आलं. बिचारी पोर, मामाला पत्र लिहितानासुद्धा फूटपट्टीने आखून लिहायचं.

बाराला तुम्ही दर आहे तिथेच ठेवलात. बाजाराला उतरेल असं वाटत होतं. इकडे चर्चाच चर्चा. पेपरात आलं, तीन कपातींऐवजी आता दोनच होतील, कुणी म्हणतं एकच. आमचे रोखे शंभरावरून सत्त्याण्णववर आले. टायवाला म्हणाला, "काका, हा फक्त उशीर आहे. कपात रद्द नाही झाली, पुढे गेली. आता स्वस्तात मिळतायत." रात्रभर विचार केला. मला एकच गोष्ट पटली: धोका असता तर तू पडद्याच्या मधेच कुठेतरी "जपून" एवढं तरी घातलं असतंस. नाही घातलंस. म्हणून उरलेले निम्मेही घातले. निवृत्त होणाऱ्यांना द्यायला वर्षभरापुरते तेवढे मागे ठेवले.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती सांगतो. आमच्या खजिनदारबाई या वेळी विरोधात होत्या. कागदाची पानं मोजायच्या खात्यात आहेत, पाच-पाच पानं बोटांत धरून दिवसाला हजारो मोजतात, एक चुकत नाही. त्या उठून म्हणाल्या, "चिटणीस, लोकांना पैसे मधेच लागले तर? वीस वर्षं कुणाला थांबायला सांगणार?" मी कानाला हात लावून "काय, काय?" केलं, आणि पुढचा विषय घेतला. मला ऐकू आलं होतं, खारूताई. त्या माझ्या उजव्या बाजूला बसल्या होत्या, आणि उजव्या कानाने मला अजून ऐकू येतं.

तरी दोघे-तिघे कुजबुजायला लागले, तेव्हा मी म्हणालो, "माझी भाची कुठे नोकरीला आहे माहीत आहे ना?" एवढंच म्हणालो, त्यापुढे काही नाही. मग सगळ्यांनी हात वर केले.

मामा

२ एप्रिल

मामा,

तू हे काय केलंस? सभेत माझा उल्लेख केलास? तीनशे चाळीस जणांच्या निधीच्या सभेत?

नीट वाच. माझ्या कर्जाचा आणि तुझ्या रोख्यांचा काडीचाही संबंध नाही. आम्हा कर्मचाऱ्यांना जे कर्ज मिळतं ते एकाच प्रकारचं असतं, बदलत्या दराचं. दुसरा पर्याय नव्हता. मी तो निवडला नाही. मी तुला काहीही सुचवलं नव्हतं, ना तेव्हा ना नंतर. पडदे म्हणजे फक्त पडदे.

हे पत्र मी तीनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही. माझं नाव, माझी नोकरी, मी तुझी कोण लागते, यातलं काही पुन्हा कुणाजवळ काढू नकोस. हात जोडते.

आईला यातलं काही माहीत नाही.

खारूताई

१९ एप्रिल

खारूताई,

पत्र वाचून आठ दिवस जेवण गेलं नाही. रोखे पंच्याण्णववर आहेत. आत्ता विकले तर तोटा होईल, पण खड्ड्यात जाणार नाही.

विकू का?

हो किंवा नाही. सही नको, तारीख नको.

मामा

१४ मे

खारूताई,

तुझं उत्तर आलं नाही. दारात पोस्टमन दिसला की जिना उतरून जायचो, रोज. वीज कंपनीचं बिल आलं, शेजारच्या लग्नाची पत्रिका आली. तुझं काही आलं नाही.

सात तारखेला तुम्ही दर चढवलात. चढवलात! ज्या बाजाराला जानेवारीत तीन कपाती दिसत होत्या, त्याच बाजाराला आता अजून दोन वाढी दिसतायत. टायवाल्याला विचारलं, हे कसं काय? तो म्हणाला, "काका, महागाईचे आकडे आले ना, अंदाज बदलला." जसं काही पावसाने दिशा बदलली. आता तो फोनवर थोडाच वेळ बोलतो. मी शेजारच्याला त्याच्याशी बोलायला लावतो, तर आधीच ठेवून देतो. रोखे नव्वदवर आहेत.

तरी मी स्वतःला समजावत होतो की थांबू. वीस वर्षं थांबलं तर सरकार शंभराचे शंभर देणारच आहे. पण काल कारखान्याच्या फाटकावर नोटीस लागली. मालकाने मशीनसाठी मोठं कर्ज काढलं होतं, तेही बदलत्या दराचं. आधीच मागणी कमी, त्यात हप्ता चढला. कर्ज देणाऱ्या बँकेने हात वर केले. नव्वद दिवसांत कारखाना बंद.

कारखाना बंद म्हणजे निधीही बंद. नियमात लिहिलंय, ज्याचे त्याचे पैसे त्याच्या हातात द्यायचे. सगळ्यांचे, एकाच वेळी. म्हणजे सगळे रोखे विकायचे, बाजारात जो भाव असेल त्या भावाने.

फाटकापाशी लोक नोटीस वाचत उभे होते. मला बघून त्यांनी वाट करून दिली. कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "चिटणीस, आपला निधी आहे म्हणून बरं."

मामा

३ जून

मामा,

आता मी सगळं लिहिते. हे पत्र कोणी वाचलं तरी चालेल, कारण ते वाचलं जाणारच आहे.

सोमवारी मला वरच्या मजल्यावर बोलावलं. टेबलापलीकडे दोन माणसं आणि एक बाई. त्यांच्याकडे तुमच्या गावाहून आलेलं एक निनावी पत्र होतं. चिटणीसांची भाची बँकेत आहे, तिच्या सांगण्यावरून निधीचे पैसे रोख्यांत घातले, असं त्यात होतं. त्या बाईंनी विचारलं, "तुम्ही मामांना काही सांगितलं होतं?" मी नाही म्हणाले. "पत्रं आहेत?" तुझी पत्रं मी त्यांना दिली. माझी तुझ्याकडे आहेत. ती सगळी दे. जाळू नकोस, मला वाचवायला म्हणून तर मुळीच नको. जाळलीस तर मी खोटी ठरेन.

आता जे त्यांना सांगितलं नाही ते तुला सांगते.

तुझं बावीस फेब्रुवारीचं पत्र अठ्ठावीसला माझ्या हातात आलं. त्या दिवशी नवा अंदाज माझ्या टेबलावर होता, प्रत क्रमांक चार. मीच त्याचा तक्ता बनवला होता. महागाई खाली यायची ती वर वळली होती. बाजार ज्या कपातींवर पैसे लावून बसला होता त्या होणार नव्हत्या, हे त्या खोलीतल्या सहा जणांना कळलं होतं. आणि तू निम्मे पैसे उलट बाजूला लावून बसला होतास. मी पडद्यांबद्दल लिहिलं.

तू दुसरे निम्मे घातलेस ते त्या पडद्यांमुळे.

मग तुझं "विकू का" आलं. तेवीस एप्रिल. त्याच सकाळी मौनाचा पंधरवडा सुरू झाला होता. मी एक कार्ड घेतलं, त्यावर एकच शब्द लिहिला: विक. तुझा पत्ता घातला. दुपारी बाहेर पडले आणि आमच्या इमारतीसमोरच्या पोस्टाच्या पेटीपाशी उभी राहिले. कार्ड अर्धं आत गेलं होतं. तेवढ्यात मागून आमचे साहेब म्हणाले, "घरी पत्र का? हल्ली कोण लिहितं!" आणि हसून पुढे गेले. मी कार्ड बाहेर ओढलं. वर जाऊन ते कागद कातरायच्या मशीनमध्ये घातलं. त्या मशीनचा आवाज अजून कानात आहे.

तुला वाटेल शपथ होती, पोरगी काय करणार. मलाही तेच वाटायचं. पण मामा, एक वाक्य होतं जे गुपित नव्हतं. म्हाताऱ्या माणसांचे लागतील तेव्हा लागणारे पैसे वीस वर्षांच्या रोख्यांत घालू नयेत. तुमच्या खजिनदारबाईंना ते कुणी न शिकवता माहीत होतं. मी तेरा फेब्रुवारीला, काही घडायच्या आधी, ते तुला लिहू शकत होते. कुठलाही नियम आड येत नव्हता. नाही लिहिलं, कारण त्या इमारतीत शिरल्यापासून मला प्रत्येक वाक्याची भीती वाटते. नियमाने जेवढं गप्प राहायला सांगितलं त्याच्या कितीतरी पुढे जाऊन मी गप्प राहिले.

आईला सांगितलं आहे. काल रात्री ती फक्त म्हणाली, "दादाने तुला शिकवलं."

खारूताई

३० जुलै

खारूताई,

तुझी पत्रं त्या लोकांना दिली. एक तरुण आला होता, त्याने प्रत्येक पानाचा फोटो काढला आणि पोच दिली. पडद्यांवर तो बराच वेळ थांबला होता.

रोखे विकले गेले. चौऱ्याऐंशीला. टायवाला आला नाही, त्याने दुसऱ्याच माणसाला पाठवलं. आधी मागे ठेवलेले थोडे मिळवून हिशोब बसला तो असा: ज्याचे शंभर होते त्याला पंच्याऐंशी.

वाटप शनिवारी झालं, पान मोजायच्या हॉलमध्ये. मशीन बंद असल्यामुळे तिथे आता माणसांचा आवाज येतो. मलाही येतो थोडा. खजिनदारबाई आणि मी एका टेबलाशी बसलो. त्या नाव वाचायच्या, मी धनादेश द्यायचो. मी ठरवलं होतं की प्रत्येकाला तोंडाने सांगायचं, पंधरा कमी आहेत आणि ते माझ्यामुळे. पहिल्या वीसेक जणांना सांगितलं. कुणी मान हलवली, एकाने शिवी दिली, बरं वाटलं. मग रीळ गुंडाळायच्या मशीनवर काम करता करता जो माणूस वारला होता, त्याची बायको आली. तिने आकडा वाचला, धनादेश नीट घडी करून पिशवीत ठेवला आणि विचारलं, "बाकीचे कधी?"

या वेळी कानाला हात लावला नाही. म्हणालो, "बाकीचे नाहीत, वहिनी." ती म्हणाली, "बरं," आणि तशीच उभी राहिली. तिच्या मागे रांग होती. खजिनदारबाईंनी उठून तिला खुर्ची दिली.

तू लिहिलंस त्याचा मी फार विचार केला. ते एक वाक्य तू लिहायला हवं होतंस. हो. मी ते ऐकलं असतं की नाही, हे मात्र मला छातीठोक सांगता येत नाही. समोर बसलेल्या बाईंनी सांगितलेलं मी ऐकलं नाही.

पण त्या कार्डाबद्दल सांगतो. समज, ते पेटीत पडलं असतं. मी पंच्याण्णवला विकले असते. विकले असते म्हणजे कुणाला? घेणारा कुणीतरी लागतो. त्याला माहीत नसतं, मला माहीत असतं. टायवाल्याने ते दुसऱ्या कुठल्या तरी निधीच्या गळ्यात घातले असते, दुसऱ्या गावातल्या, जिथे चिटणीस माझ्यासारखाच शहाणा आणि त्याला भाची नाही. अशाच कुणा बाईने "बाकीचे कधी" हे तिथे विचारलं असतं. तेव्हा कार्ड ओढून घेतलंस ते घेतलंस. त्याबद्दल मी रागावलेलो नाही. बाकीच्याबद्दल अजून आहे, आणि ते लपवत नाही.

मामा

१२ ऑगस्ट

मामा,

चौकशी संपली. मी काही फोडलं नाही असा निष्कर्ष निघाला. वरच्या मजल्यावरच्या त्या बाईंनी मला पुन्हा बोलावलं. तुझं "विकू का" हे पत्र त्यांच्या समोर होतं, शेजारी माझं त्या कार्डाबद्दलचं पत्र. त्या म्हणाल्या, "इतकं जवळचं माणूस विचारत असताना तुम्ही उत्तर दिलं नाहीत. अशी माणसं आम्हाला हवी असतात." त्यांनी माझं कौतुक केलं, मामा. उभं राहून हात मिळवला.

पुढच्या महिन्यापासून मला दराच्या बैठकीचा मसुदा जिथे लिहिला जातो त्या खोलीत नेमलंय. आम्ही तिथे चारच जण असू. मी नाही म्हणणार होते. घराचा हप्ता दोनदा चढला आहे. हो म्हणाले.

तिथे खिडकी नाही.

खारूताई

२५ ऑगस्ट

खारूताई,

हे पत्र आईला वाचून दाखव. मग फाड.

काल सकाळी खजिनदारबाई घरी आल्या. मी चहा ठेवला. त्यांनी पिशवीतून धनादेश काढून टेबलावर ठेवला, अजून बँकेत भरलेला नव्हता. म्हणाल्या, "आता कुठे ठेवू?"

मी म्हणालो, "मला विचारताय? मला?"

"तुम्हाला नाही," त्या म्हणाल्या. माझ्या उजव्या बाजूला सरकून बसल्या, स्पष्ट ऐकू यावं म्हणून. "भाचीला विचारा. पेपरात येतंय की दर आता इथेच थांबणार, मग उतरणार. कुणी म्हणतं अजून चढणार. तिला खरं माहीत असेल. त्या वेळी तुम्ही तिचं चुकीचं समजलात, असं लोक म्हणतात. ती चुकली नव्हती."

हे त्या बोलत होत्या. पान मोजायच्या खात्यातल्या, एक पान न चुकणाऱ्या. सभेत एकट्या उभ्या राहिलेल्या. मला त्यांची भीती वाटली, खरंच सांगतो. निनावी पत्रही त्यांचंच असेल असं मला कधीतरी वाटून गेलं होतं. आता वाटतं, ते कुणाचंही असू दे, पण ज्याने लिहिलं त्याचाही माझ्या सांगण्यावर विश्वास होता.

मी म्हणालो, "बाई, मला भाची नाही."

त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग धनादेश उचलून हळू आवाजात म्हणाल्या, "बरं. सांगायचं नसेल तर नका सांगू. पण म्हणजे काहीतरी आहे."

"काही नाही! बाई, काहीसुद्धा नाही!" मी ओरडलोच. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, जिन्यापर्यंत गेला असणार. त्या समजल्यासारखी मान हलवत उतरून गेल्या.

मी खिडकीशी गेलो. खाली दहा-बारा जण थांबलेले होते. रीळवाल्याची बायकोही होती, पिशवी छातीशी धरून. खजिनदारबाई त्यांना काहीतरी सांगत होत्या. काय ते मला ऐकू आलं नाही. एकाने वर माझ्या खिडकीकडे पाहिलं आणि दुसऱ्याला कोपराने ढोसलं. मग सगळे एकदम वळले आणि टायवाल्याच्या ऑफिसच्या रस्त्याने झपाझप निघाले. मी खिडकीतून हाका मारल्या. कुणी मागे बघितलं नाही.

त्यांनी माझ्या नाहीतून काय काढलं ते मला माहीत नाही. चढणार काढलं की उतरणार काढलं?

आता मला लिहू नकोस. आईच्या तब्येतीचंसुद्धा नको. कोरं पाकीटही नको. आमच्या जिन्यावर पोस्टमन चढताना सगळ्यांना दिसतो.

मामा